हात लावून बघा, हात पुसू नका

गोधड्यांचं प्रदर्शन भरवणं म्हणजे काहीतरी शांत, गोड काम असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा स्वतःच्या अंगणात भरवून बघावं. आमचं एका शनिवार-रविवारचं होतं. पण आजही आम्ही चौघी शिवायला बसलो की कुणीतरी म्हणतं, "तो फ्लेक्सवाला सांग ना," की झालं सुरू. एकीचा किस्सा संपेपर्यंत दुसरीला दुसरा आठवतो. लोक म्हणतात, आता हसता ना तुम्ही? हसतो. पण माझा राग अजून गेलेला नाही, आणि घालवायची मला घाईही नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. आमचं घर विरारजवळ नंदाखालला. पुढे मोठं अंगण, अंगणात नारळ, मागे केळीची बाग. बँकेतून रिटायर झाल्यावर मी शनिवारी दुपारी पडवीत गोधडी घेऊन बसायला लागले. मग शेजारच्या फिलोमिना मावशी आल्या, त्यांच्या ओळखीने अर्नाळ्याची कोळीण हिराबाय आली, आणि विरारहून माझी बँकेतली मैत्रीण सुलभाताई. जानेवारीत, हवा कोरडी असताना, नारळांना दोऱ्या बांधून आम्ही सगळ्या गोधड्या टांगल्या. गेटवर फळा लावून मी खडूने लिहिलं, 'गोधड्यांचे प्रदर्शन. सर्वांनी यावे.'

'सर्वांनी' हा शब्द लिहायला नको होता.

*

पहिली गाडी शनिवारी सकाळीच थांबली. राजोडीच्या बीचवर निघालेली पोरं. चालवणाऱ्याने काच खाली केली. "आँटी, रूम आहे का?"

"रूम नाही. हे प्रदर्शन आहे."

"एवढ्या चादरी धुऊन टाकल्यात म्हणजे रूम असणारच ना. फुल आहे का?"

"या गोधड्या आहेत," मी म्हटलं. "हाताने शिवलेल्या. बघायला लावल्यात."

त्याने मागे वळून मित्रांना सांगितलं, "एसी नाहीये रे. गोधड्या देतात."

आणि गाडी गेली.

*

फ्लेक्सचा किस्सा त्याच दिवशीचा. आमच्याकडे निवडणुकीला उभं राहायची फार इच्छा असलेले एक भाऊ आहेत. त्यांना आम्ही बोलावलं नव्हतं. पण त्यांची माणसं आली, भलामोठा फ्लेक्स घेऊन. त्यावर 'महिला सक्षमीकरणास हार्दिक शुभेच्छा' आणि एका गोधडीएवढा भाऊंचा चेहरा. लावायला जागा नव्हती. मी आत चहा टाकत होते, तेवढ्यात त्यांनी हिराबायची गोधडी दोरीवरून ओढली, विहिरीच्या कठड्यावर फेकली आणि तिच्या जागी फ्लेक्स बांधला. बाहेर येऊन बघते तर गोधडीचं अर्धं अंग खालच्या चिखलात.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.  हिराबाय खाली बसून गोधडीचा चिखल पिळत होती, ते बघून माझं डोकं आणखीच फिरलं.

ती माणसं मला म्हणतात, "मॅडम, शांत व्हा. भाऊ चार वाजता येतायत उद्घाटनाला."

"प्रदर्शन सकाळीच सुरू झालंय. उद्घाटन कसलं?"

"ते तुमचं झालं. भाऊंचं बाकी आहे."

ती गेल्यावर माझे यजमान उठले. हा माणूस लग्नापासून माझ्यावर काय, मांजरावरही कधी ओरडलेला नाही. स्टुलावर चढून त्यांनी फ्लेक्स सोडवला आणि गेटाच्या आत, लोक चपला काढत होते तिथे नीट अंथरला.

चारला भाऊ आले. गळ्यात उपरणं, मागे फोटोग्राफर. खाली बघितलं, तर लोकांच्या चपलांमधून स्वतःच हसतायत.

"हे काय आहे?"

आमचे हे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "उलटा टाकणार होतो. पण मग तुमच्या चेहऱ्याला माती लागली असती."

*

त्या संध्याकाळी मुंबईहून एक बाई आली. मोबाइलवर व्हिडिओ करणारी. गोधड्यांचे झाले, मग तिला 'आर्टिस्ट' हव्या झाल्या. हिराबाय त्या दिवशी मुलीने दिलेली नवी सिल्कची साडी नेसून, केसांत अबोली माळून आली होती. मघाचा चिखल निऱ्यांना लागला होता, तो धुऊन तिने निऱ्या वाळवल्या होत्या. सुरेख दिसत होती.

त्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमची ती कोळी साडी नाही का? आणि डोक्यावर टोपली वगैरे? ही सिल्क ऑथेंटिक नाही वाटत."

हिराबायने विचारलं, "म्हंजे काय?"

"म्हणजे खरं. अस्सल."

"मी अर्नाळ्याची हाय," हिराबाय म्हणाली. "अजून काय अस्सल होऊ? तुमी कोन?"

तो व्हिडिओ काही झाला नाही.

*

रविवारी गर्दी वाढली. आलेल्यांना केळीच्या पानावर काहीतरी द्यावं असं फिलोमिना मावशींच्या मनात आलं. मावशी सत्तरीच्या, रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाणाऱ्या, आवाज कधी चढत नाही. त्या मागे केळीची पानं कापत होत्या. मी पुढे वडे आणि चहा देत होते.

एक गृहस्थ. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट. दोन वडे खाल्ले, आणि नळ समोर असताना, मावशींच्या गोधडीच्या काठाला दोन्ही हात पुसले. चांगले घासून, बोटं एकेक करून. ती गोधडी मावशींनी त्यांच्या आईच्या लुगड्यांची केलेली. काठ तर आईनेच घातलेला, तसाच जपून लावलेला.

मी किटली खाली ठेवली. "अहो, काय करताय?"

"अहो, जुनाच तर कपडा आहे ना," ते म्हणाले. "धुतला की जाईल."

मावशी मागून येऊन उभ्या होत्या. हातात कोयता, आणि हातभर केळीचा चीक. हा चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. सुकला की काळा पडतो आणि कापड फाटेपर्यंत जात नाही, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मावशींनी कोयता बाजूला ठेवला आणि दोन्ही तळवे त्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीला पुसले. सावकाश. बोटं एकेक करून.

"काही नाही हो बाबा," त्या म्हणाल्या, "जुनंच कापड आहे."

त्यानंतर फळ्यावर मी एक ओळ वाढवली, 'हात लावून बघा. हात पुसू नका.'

*

पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही, कारण तो घरातला आहे.

माझी नणंद कुंदाताई वसईला असते. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं कपाट रिकामं करताना तीच म्हणाली होती, "या जुनेरांचं काय करायचंय वहिनी? देऊन टाक बोहारणीला." मी दिली नाहीत. त्या मऊ झालेल्या सुती साड्यांची मी गोधडी शिवायला घेतली. प्रदर्शनात ती लावली होती, एक कोपरा शिवायचा राहिला होता तरी.

रविवारी दुपारी कुंदाताई आली. दोरीवर तिने आईची जांभळी साडी ओळखली. गोधडीत तोंड खुपसून ती रडायलाच लागली, आणि रडता रडता म्हणाली, "ही मला दे वहिनी. मी मुलगी आहे तिची."

लोक बघत होते. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बोहारीण आठवली. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात ही पाहुण्यासारखी यायची आणि डबा घेऊन जायची, तेही आठवलं. सगळं जिभेवर आलं होतं. पण तिचा हात त्या जांभळ्या काठावरून सुटत नव्हता.

मी गोधडी दोरीवरून काढली, पडवीत पसरली आणि तिच्या हातात सुई-दोरा दिला. "एक कोपरा राहिलाय. बस."

"मला येत नाही."

"मलाही येत नव्हतं."

बसली. दोनदा सुई बोटात घुसवून घेतली. लोक आले, गेले, ती मान वर न करता टाके घालत होती. जाताना गोधडी पुन्हा मागितली नाही. फक्त विचारलं, "पुढच्या शनिवारी येऊ?"

टाके सगळे वाकडे होते. रागाच्या भरात ते उसवायला मी कात्री हातात घेतली होती, हे कबूल करते. मग ठेवून दिली.

*

आणि आता सुलभाताईचा.

तिच्या मिस्टरांना हे शिवणं कधीच मानवलं नाही. घरात चिंध्या दिसता कामा नयेत असा हुकूम, त्यामुळे तिचं सगळं सामान आमच्या पडवीत, एका ट्रंकेत. एकही गोधडी घरी नेलेली नाही. शनिवारी ती निघाली की ते म्हणणार, "चालली चिंध्या फाडायला." हे ती आम्हाला हसत सांगायची. मला हसू यायचं नाही.

रविवारी संध्याकाळी ते तिला न्यायला आले. गोधड्यांवर टाचलेल्या नावांच्या चिठ्ठ्या तोवर वाऱ्याने उडून गेल्या होत्या. आलोच आहोत तर म्हणून त्यांनी हात मागे बांधून एक चक्कर मारली. यातली तुझी कुठली, एवढं काही त्यांनी विचारलं नाही.

शेवटच्या दोरीपाशी ते थांबले. निळ्या आणि राखाडी चौकोनांची मोठी गोधडी होती. त्यांनी हात फिरवला. उलटून मागचे टाके बघितले.

"सुलभा, इकडे ये. हे बघ. याला म्हणतात काम. असं काहीतरी शीक."

सुलभाताई म्हणाली, "शिकते."

"आणि हा चौकडीचा तुकडा बघ. अगदी असा शर्ट होता माझा."

"हो का?"

माझं तोंड उघडलं होतं. तिने माझ्याकडे फक्त बघितलं, आणि मी ते मिटलं.

"आपल्या बेडवर काय दिसेल ही," ते म्हणाले. "कोणी केलीय? जरा विचार ना त्या बाईंना, द्यायची आहे का."

सुलभाताई आत गेली. मी मागोमाग गेले. ओट्यापाशी उभी राहून तिने भांडंभर पाणी घटाघटा प्यायलं, पदराने तोंड पुसलं आणि बाहेर आली.

"विचारलं," ती म्हणाली. "नाही म्हणाल्या."