चार गॅलन तेल आणि नायक डोमाजीचं नाव

मी सरकारला एका डब्याने फसवलं. स्टोअर हवालदाराने त्याच डब्याने मला फसवलं. दोघांचा दोष कागदावर नायक डोमाजीच्या नावाने लिहिला गेला, कारण उत्तर द्यायला तो जिवंत नव्हता. या तीन गोष्टी मी पक्क्या धरून चाललो आहे. बाकीच्यातलं बरंच काही अजून माझ्या डोक्यात नीट बसलेलं नाही. जसं घडलं तसं लिहितो.

लढाईच्या चौथ्या वर्षी आमची मोटर ट्रान्सपोर्टची प्लाटून गोंदियाला आली. बारा लॉऱ्या, एक जमादार, वर एक कॅप्टन साहेब. मी सेक्शनचा हवालदार. मी इथलाच. बाप लाकडाच्या टालावर हमाल होता. मी बस सर्व्हिसला क्लीनर म्हणून लागलो, गाड्या धुता धुता चालवायला शिकलो, आणि माल घेताना भाव पाडायलाही तिथेच शिकलो. फौजेत गेलो तरी ती सवय गेली नाही.

काम सरळ होतं. रेल्वेच्या वॅगन मिळत नव्हत्या, म्हणून दरेकशाच्या डोंगरातून सागाचे ओंडके लॉरीने गोंदियाच्या यार्डात आणायचे. पहाटे साडेचारला उठणं. पाचला फॉल इन. सव्वापाचला प्रत्येक ड्रायव्हरने बॉनेट उघडून तेल, पाणी, टायर बघायचे. पावणेसहाला कूच. तेलाची टंचाई होती. हुकूम असा की इंजिनातलं जुनं तेल काढायचं, फडक्यातून गाळायचं, त्यातलं अर्धं परत घालायचं आणि अर्धं नवं. हा हुकूम बरा की वाईट, यावर मेसमध्ये रोज वाद व्हायचा.

डोमाजीला तो हुकूम पटत नव्हता. तो माझ्या सेक्शनचा ड्रायव्हर, हुद्दा नायक, केशोरीकडच्या एका खेड्याचा. त्याच्या पणज्याने गावचा तलाव बांधला होता आणि दरवर्षी पावसाळ्याआधी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, तपासण्याचं काम अजून त्यांच्याच घरी होतं. तसाच तो इंजिनाकडे बघायचा. तेल बोटावर घ्यायचा, दोन बोटांत चोळायचा, वास घ्यायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला वैद्य म्हणायचे.

यार्डाच्या फाटकाबाहेर एक पानठेला होता. रविवारी दुपारी तिथे गावातले मोटारवाले जमत. पेट्रोल रेशनवर असल्यामुळे गाड्या फार चालत नसत, म्हणून मालक गाड्यांबद्दल बोलून समाधान करून घेत. राइस मिलचे सेठ अमेरिकन गाडी बाळगून होते. केशोरीचे मालगुजार, ज्यांना सगळे मालकच म्हणत, त्यांची जुनी विलायती गाडी होती.

सेठ म्हणाले, "देखो हवालदार, तेल काला हुआ मतलब काम कर रहा है। कम हुआ तो ऊपर से डाल दो। मेरी गाडी सात साल से ऐसे ही चल रही है।"

मालक हसले. "चालून नाही राहिली सेठजी, धूर सोडून राहिली. तुम्ही स्टेशनवर आले का मले घरी समजते. माह्या गाडीत दीड वर्षापासून एरंडेल आहे. घरच्या घाण्याचं, चोख. बापजाद्यापासून बैलबंडीच्या आखाले तेच लावून राहिलो. आख झिजला काय कधी?"

"मालक, गाडी है कि जुलाब का मरीज?"

ठेल्यावरचे सगळे हसले. डोमाजी मात्र हसला नाही.

"मालक, राग नका मानू," तो म्हणाला. "एरंडेल चालत असन. पण बंडीचा आख डोयाले दिसते, इंजनातलं दिसत नाही. म्हणून तेल काढून पाहा लागते. पाळ फुटल्यावर माती टाकून काय फायदा?"

"कालचा पोरगा तू, मले पाळ शिकवून राहिला?"

"तुमाले नाही मालक. इंजनाले."

मी त्या दिवशी सेठच्या बाजूने बोललो. कमी झालं की भरावं, एवढीच माझी समजूत होती. मजबूत इंजिन तेलाचे लाड मागत नाही, असं मी म्हणालो. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

तीन दिवसांनी मालक मला एकटे भेटले. "हवालदार, एक डबा मिलिटरीचं तेल पाहिजे."

"काऊन? एरंडेल सरलं काय?"

"जावयाची गाडी आहे. नागपूरचा माणूस. त्याले एरंडेल कसं सांगू?"

"भेटते. तीन पोते तांदूळ. वासाचा चिन्नोर."

"चिन्नोर? तुमचे शिपाई चिन्नोर खातीन?"

"तुमचा जावई मिलिटरीचं तेल वापरन, आमचे शिपाई चिन्नोर खातीन. दोन पोत्यांवर मी येत नाही, सांगून ठेवतो."

सौदा ठरला. एक लॉरी दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये होती. तिच्या नावावर मी सही करून चार गॅलनचा एक डबा उचलला. रिकामे डबेही स्टोअरमध्ये मोजून परत घेत, म्हणून मी मालकांना एकच अट घातली. महिनाअखेरच्या मोजणीच्या आत डबा परत पाहिजे. तांदूळ मेसमध्ये गेला. एक दाणाही मी घरी नेला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

मग मला कोहमाऱ्याला जावं लागलं. तिथे एक लॉरी नाल्यात उतरली होती. ती काढण्यात नऊ दिवस गेले. परत आलो त्याच संध्याकाळी डोमाजीने आपल्या लॉरीचं तेल बदललं होतं. हुकमाप्रमाणे अर्धं जुनं, अर्धं नवं.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला त्याने मला हाक मारली.

"हवालदार, हे तेल पाहा. जाड आहे. बंडीच्या आखावाणी वास येऊन राहिला."

मी म्हणालो, "तुले घरची आठवण येऊन राहिली." आजूबाजूचे हसले. तरीही मी स्टोअर हवालदाराला बोलावलं. तो मुद्दाम सावकाश आला.

"डब्यावर छाप आहे की नाही?" त्याने विचारलं.

"आहे."

"माझी गिनती बरोबर आहे. छाप बरोबर आहे. आता वास पण मीच घेऊ काय?"

डोमाजी म्हणाला, "काढून टाकतो. दुसरा डबा द्या."

"दुसरा डबा पुढच्या महिन्यात."

जमादार साहेबांची शिट्टी झाली. मी डोमाजीला म्हणालो, "चल. परत आल्यावर बघू." मी स्वतः तेलाला नाक लावलं होतं का? चार वर्षं आठवायचा प्रयत्न करतोय. कधी वाटतं लावलं होतं, कधी वाटतं तोंडातल्या तंबाखूमुळे काही कळलं नाही. खरं काय ते मला सांगता येत नाही.

जाताना गाड्या रिकाम्या होत्या, काही त्रास झाला नाही. दहा वाजता ओंडके भरून झाले. साखळ्या आवळल्या. दहा चाळीसला आम्ही खोऱ्यातून वर निघालो. सर्वांत पुढे जमादार साहेब, सहावी डोमाजीची लॉरी, सातवी माझी. हुकूम असा की चढावर कोणी थांबायचं नाही, दोन गाड्यांत वीस यार्ड अंतर ठेवायचं. अर्ध्या चढावर डोमाजीने हात बाहेर काढला आणि मागे वळून ओरडला.

"तेलाचं प्रेशर पडलं! काटा खाली गेला!"

"चढावर थांबू नको! वर घे!"

"हौ!"

हे आमचं शेवटचं बोलणं. हुकमाप्रमाणे मी बरोबर बोललो. तो थांबला असता तर इंजिन वाचलं असतं, असं काही मेकॅनिक म्हणतात. दुसरे म्हणतात, तेवढ्या भारासकट त्या चढावर गाडी उभीच राहिली नसती. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला.

साधारण दीडशे यार्डांवर मोठा आवाज झाला. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. लॉरी थांबली आणि मागे सरकू लागली. ब्रेकला तो भार पेलवेना. मागे माझी लॉरी होती, माझ्यामागे आणखी पाच. उजवीकडे दरी होती. तो उडी मारू शकला असता, दार उघडंच होतं. त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडीची मागची बाजू डावीकडे डोंगरात घातली. गाडी कलंडली, साखळी तुटली, ओंडके केबिनवर आले. माझ्या बॉनेटपासून ती लॉरी चार हातांवर थांबली.

आम्ही आठ जणांनी ओंडके काढले. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याला बाहेर घेतलं. तो गेला होता.

तिसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. इंजिन उघडलं होतं. तेल खेचणारी जाळी गुळाच्या पाकासारख्या चिकट थराने बंद झाली होती. स्टोअर हवालदाराने रजिस्टर पुढे ठेवलं. गिनती बरोबर, एकही डबा कमी नाही, एकही जास्त नाही. कॅप्टन साहेबांनी निकाल वाचला: तेलाची निगा राखण्यात ड्रायव्हरचा हलगर्जीपणा.

मी म्हणालो, "साहेब, साऱ्या प्लाटूनमध्ये तेलाची निगा राखणारा तोच एक होता."

"सबूत है?"

सबूत नव्हता. मी टेबलावर हात आपटला आणि स्टोअर हवालदाराला नको ते बोललो. माझ्या बाहीवरची एक फीत गेली. त्या वेळी मी माझ्या सौद्याबद्दल काही बोललो नाही. माझ्या डब्याचा आणि या डब्याचा काही संबंध असेल हे मनात आलं नव्हतं. आलं असतं तर बोललो असतो का, तेही सांगता येत नाही.

फौज सुटल्यावर मी गोंदियात मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. आता मोटारवाले तिथे जमतात. गेल्या उन्हाळ्यात सेठ आणि मालक दोघे आले होते. वाद तोच. इंजिन टिकतं ते लोखंडामुळे की तेलामुळे?

सेठ म्हणाले, "इंजन की उमर लिखी होती है। आदमी जैसी।"

मालक माझ्याकडे वळले. "ह्या हवालदाराले विचारा. ह्याचा डबा मी भरून परत धाडला होता. घाण्यावरचं ताजं एरंडेल, काठोकाठ."

मी पाना खाली ठेवला. "मी तर रिकामा डबा मागितला होता, मालक."

"असं कसं? कोणाचं भांडं आमच्या घरून रिकामं जात नाही. तीन पोत्यांत तेल आलं, पण डबा तर तुमचा होता. रिकामा कायले धाडू?"

"कोणाच्या हाती दिला?"

"तुम्ही नव्हते. तुमच्या स्टोअरवाल्याच्या हाती. गड्यानं त्याले सांगतलं, यात एरंडेल आहे. तो म्हणे, ठेवा." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "काऊन? काही चुकलं काय?"

मी नाही म्हणालो. त्या माणसाने चालरीत पाळली होती. त्याला काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मी काचेच्या बाटलीत अर्धं एरंडेल आणि अर्धं इंजिनाचं तेल घालून हलवलं. थोड्या वेळाने दोन थर वेगळे झाले. जुनं जळकं तेल आणि एरंडेल कढईत तापवलं, तेव्हा तळाशी चिकट थर बसला. पण मालकांची गाडी नुसत्या एरंडेलावर अजून केशोरीहून इथवर धडधडत येते. हे कसं, ते मला पुरतं उमगलेलं नाही.

एक गोष्ट मात्र उमगते. एक रिकामा डबा यायला हवा होता, त्याऐवजी भरलेला आला. मोजणीत एक भरलेला जास्त आणि एक रिकामा कमी भरायला हवा होता. गिनती बरोबर कशी आली? माझा हिशेब असा की स्टोअर हवालदाराकडे आधीच एक भरलेला डबा परस्पर रिकामा झाला होता; हा त्याच्या जागी उभा केला गेला, आणि तो रिकामा माझ्या डब्याच्या जागी मोजला गेला. गड्याने एरंडेल सांगितलं असूनही त्याने तो डोमाजीला दिला. की गडी खोटं बोलतो? की तो डबा स्टोअरमध्ये दुसऱ्याच कोणी उचलून रांगेत ठेवला? मला माहीत नाही. माहीत असलेला एक माणूस जिवंत आहे आणि तो बोलत नाही. मी त्याच्या दारात दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा तो घरात नव्हता, त्याच्या चपला दारात होत्या.

मग मी डोमाजीच्या गावी गेलो. त्याचा बाप पाळीवर माती टाकत होता. मी त्याला सगळं सांगितलं, माझा सौदासुद्धा. तो रागावेल असं वाटलं होतं.

तो म्हणाला, "तुमचं जाऊ द्या. ते कागदावर लिवलं ते मले नाही समजत. निगा नाही केली म्हणते? आमच्या घरचा पोरगा?" आणि परत टोपली उचलली.

मी फौजेकडे तीन अर्ज केले. डब्याबद्दलची माझी कबुली त्यात लिहून दिली. मला शिक्षा करा, पण त्याच्या नावापुढचं ते वाक्य खोडा, असं लिहिलं. एकाचं उत्तर आलं: प्रकरण बंद आहे. आता सत्तेचाळीस साल आहे. कॅप्टन साहेब विलायतेला परत जायच्या तयारीत आहेत, असं ऐकतो. फायली कुठे जाणार, कोणाला ठाऊक.

नायक डोमाजी सव्वीस वर्षांचा होता. त्याने सहा लॉऱ्यांतली माणसं वाचवली, त्यातला एक मी. तो हलगर्जी नव्हता. जुनं सरकार असो की नवं, मला एवढंच पाहिजे: ज्याने गिनती बरोबर म्हणून सांगितलं आणि ज्याने निकालाखाली सही केली, त्या दोघांनी केशोरीच्या वाटेने त्या तलावावर यावं, आणि तो निकाल त्याच्या बापासमोर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवावा.