कॅप्शनमध्ये न मावलेलं

ब्लॉगवर फोटो टाकला की त्याखाली दोन ओळी लिहायच्या, असा आमचा नियम आहे. पण फोटोमागे जे घडतं ते दोन ओळींत बसत नाही. ते आमच्याकडेच राहतं आणि रविवारी चहाला बसलो की एकेक बाहेर पडतं. आता तर इतकं साठलंय, की कुणी नवा फोटो दाखवायला मोबाईल पुढे केला तरी आधी जुन्याचीच गोष्ट निघते.

आम्ही चौघं. निर्मला मॅडम लिंबायतच्या मराठी शाळेत शिकवतात. विलास गोडादऱ्याला राहतो, कापड मार्केटात साड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. हेमंत इच्छापोरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि मी बँकेत. सगळेच खान्देशातले, सुरतेत येऊन मुरलेले. इथले आपले लोक आणि आपल्या गल्ल्या, एवढाच ब्लॉगचा विषय.

पहिली पोस्ट होती तापीच्या पुलावरून काढलेला सूर्योदय. दिवसभर आम्ही मोबाईल बघत होतो. संध्याकाळी एकच कॉमेंट आली, 'खूप छान'. ती विलासच्या बायकोची निघाली. विलास फार खूश झाला. रात्री त्याला कळलं, तिने फोटो उघडलाच नव्हता.

"सकाळपासून तोंड पाडून बसला होतात, म्हणून लिहिलं," ती म्हणाली.

* * *

मॅडमनी एकदा गोडादऱ्यात एका गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो काढला. मागून ऊन, साडीचा रंग भिंतीवर उतरलेला. आम्हाला सगळ्यांना आवडला. ब्लॉगवर गेला, बऱ्याच जणांनी शेअर केला.

दोन दिवसांनी त्या घरातली बाई मॅडमना शोधत शाळेत आली. मॅडम घाबरल्या. न विचारता फोटो काढला होता, आता ऐकून घ्यावं लागणार असं त्यांना वाटलं. बाई मात्र आवाज न चढवता बोलली. तिची तक्रार फोटो काढल्याची नव्हती. त्यात तिची विरलेली साडी आणि नवऱ्याचा फाटका बनियन होता, आणि तो फोटो तिच्या नणंदेपर्यंत गेला होता.

"आमच्याकडे चांगले कपडे पण आहेत, मॅडम," ती म्हणाली. "ते ज्या दिवशी धुवीन, त्या दिवशी फोन करते."

मॅडमनी फोटो काढून टाकला. तेव्हापासून आम्ही विचारून काढतो. पुढे त्या बाईचा फोन खरंच आला आणि मॅडम गेल्याही. दोरीवर सगळ्या कडक इस्त्रीच्या साड्या होत्या, ओली एकही नव्हती. तोही फोटो ब्लॉगवर आहे. त्याला फारसं कुणी बघत नाही, पण तो काढून टाकायचा नाही असं आमचं ठरलंय.

* * *

विलासची आई अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही. भाकरी थापतानाचा तिचा फोटो विलासने काढला आणि ती जे बोलली तेच खाली लिहून आमच्याकडे पाठवलं. मॅडम पडल्या शिक्षिका. त्यांनी ते शुद्ध मराठीत करून ब्लॉगवर टाकलं. वाचायला छान वाटत होतं.

विलासने आईला ते मोठ्याने वाचून दाखवलं. म्हातारीने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"हाई मन्हं बोलनं नही," ती म्हणाली, आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

विलासने हे मॅडमना सांगायला बरेच दिवस लावले. त्याच संध्याकाळी त्यांनी मूळ ओळी परत टाकल्या, जशाच्या तशा.

* * *

विसर्जनाच्या दिवशी लिंबायतमध्ये ढोलांची हातगाडी चिखलात रुतली होती. दोन माणसं खांद्याला खांदा लावून ती ढकलत होती, एकाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर. तो फोटो मी काढला. मला माहीत नव्हतं, पण अख्ख्या गल्लीला माहीत होतं. ते सख्खे भाऊ होते आणि घराच्या वाटणीवरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

थोरला इस्त्रीचं दुकान चालवतो. तो बँकेत आला आणि त्या फोटोची प्रिंट मागितली. "पण फक्त माझी. त्याला कापून टाका," म्हणाला. त्याच आठवड्यात धाकटा भेटला. त्यालाही प्रिंट हवी होती, पण अख्खी. भावाला कळू देऊ नका, एवढं त्याने दोनदा सांगितलं.

थोरल्याचा फोटो मी कापला, पण त्याच्या पाठीवरचा धाकट्याचा हात काही निघेना. कॉम्प्युटरवर तोही पुसता येईल, असं मी त्याला सांगितलं. त्याने प्रिंट पाकिटात सरकवली.

"राहू द्या," म्हणाला. "तेवढ्यासाठी कशाला त्रास."

* * *

हेमंतने एकदा कारखान्याच्या बसमधला फोटो टाकला. सकाळची पाळी, इच्छापोरला निघालेली बस, आणि माना टाकून झोपलेली पोरं. खिडकीजवळच्या एकाच्या तोंडावर उन्हाची तिरीप पडली होती. बसमध्ये चढताना हेमंतने सगळ्यांना विचारलं होतं आणि पोरं हो म्हणाली होती. त्या फोटोखाली शिरपूरकडच्या एका गावातून एका बाईची कॉमेंट आली. शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेली असावी.

'खिडकीजवळ माझा योगेश आहे. बारीक झालाय.'

दुसऱ्या दिवशी हा योगेश हेमंतकडे आला आणि फोटो काढून टाका म्हणाला. त्याने घरी सांगितलं होतं, की कंपनीत ऑफिसचं काम आहे, एसीत बसायचं असतं. प्रत्यक्षात तो कॉन्ट्रॅक्टवर माल उचलायचा. हेमंतने लगेच फोटो काढून टाकला. आम्हालाही ते बरोबर वाटलं.

आठवड्याभरात दुसऱ्या एका पोस्टखाली त्याच बाईने विचारलं, 'बसवाला फोटो कुठे गेला? मी रोज बघायचे.'

हे योगेशला सांगावं की नाही, यावर आमचा रविवार गेला. मी म्हणत होतो, आपण यात पडू नये. मॅडमचं म्हणणं, तिने आपल्याला विचारलंय, गप्प बसता येणार नाही. शेवटी हेमंतने मोबाईल त्याच्यापुढे धरला. योगेशने ते वाचलं आणि कामावर गेला.

नंतर त्यानेच निरोप पाठवला, एक चांगला फोटो काढून द्याल का. मॅडमनी शाळेच्या ऑफिसची सोय केली. टेबल, कॉम्प्युटर, मागे कपाट. योगेश नवा शर्ट घालून आला, खुर्चीत बसला, हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. मॅडमनी कॅमेरा डोळ्याला लावला, तेवढ्यात तो उठला.

"नको मॅडम," म्हणाला. "आई ओळखेल."

त्याने तिथूनच, आमच्यासमोर, आईला फोन लावला आणि बोलत बोलत व्हरांड्यात गेला. काय बोलला ते आम्ही ऐकलं नाही. परत आल्यावर हेमंतला म्हणाला, उद्या बसमध्येच काढा.

दुसऱ्या दिवशी हेमंतने काढला. तीच खिडकी, कामाचा मळका शर्ट, आजूबाजूला सगळे झोपलेले आणि हा एकटा ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघतोय. आम्ही खाली एकही ओळ लिहिली नाही.

दुपारी शिरपूरकडून कॉमेंट आली.

'आता डोळे दिसले.'