साडूच्या काठचा गाळ

माझ्या साडूचं नशीब नदीत अडकलेल्या एका धोंड्यानं उघडलं. आर्णीकडच्या आमच्या गावी त्याचं वावर नदीच्या त्या काठाला, माझं या काठाला. सत्तावन-अठ्ठावन साल असेल. पुरात म्हशीएवढा धोंडा गडगडत आला आणि त्याच्या काठाजवळ रुतून बसला. धोंड्यामागं पाणी मंदावलं, तिथं रेती आणि काळा गाळ साचत गेला. अडलेलं पाणी माझ्याकडं वळलं आणि माझ्या काठचा तळ पार मुरूम दिसेस्तोवर खरवडून गेलं.

उन्हाळ्यात त्या गाळावर साडूनं टरबुजं लावली. टोपलंभर आमच्या घरी आली. माझी बायको त्याच्या बायकोची धाकटी बहीण. मोठीला ती बाई म्हणायची. मिटक्या मारत म्हणाली, "बाईच्या वाडीतलं हाय. साखर हाय साखर! खाऊन तं पाहा."

"मले नाही पाह्यजे. धोंड्याच्या जिवावर खाते तो."

"मंग तुमीबी आणा न एक धोंडा!"

तिनं थट्टा केली, मला झोंबली. वावराच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, मोठा धोंडा साखळीला बांधून बैलांनी ओढत नेला आणि पात्रात लोटला. साडू पलीकडून ओरडला, "साडूभाऊ, धोंडा पेरला का? उगवला म्हंजे सांगा!"

पूर ओसरल्यावर पाहतो तर माझा धोंडा, पाणी येतं त्याच बाजूला, तोंडावर पडलेला. पाण्यानं त्याच्या पुढ्यातच खड्डा खणला आणि हा त्यात अर्धा बुडाला. साडूचा मात्र ताठ उभा! माझ्या धोंड्यामागं गाळ बसला तो पाटाएवढा. बायकोनं तेवढ्यातही काकडीचं बी टोचलं. वेल धरला. पहिली काकडी मी तिच्यासाठी तोडली. तिनं पदरात बांधली आणि निघाली पाण्यातून.

"कुठी चालली?"

"बाईकडं. तिचं येवढं खाल्लं, आपली पहिली तिले नको?"

त्या काठावर दोघी बहिणी हसत होत्या आणि साडू मध्ये बसून माझी काकडी चावत होता. मला वाटलं, माझ्या घरचं हसूही वाहत जाऊन याच्याच काठाला बसतं.

यंदा बायको गेली. साडू अजून वाडी करतो. त्याची बायको काठावरून ओरडते, "ऊन झालं, घरी या न आता! काहून डोकं भाजून घेता?" तो मुद्दाम ऐकत नाही. मला संताप येतो. बोलावणारं माणूस आहे, आणि हा बसून राहतो.