आप्पांचा फेटा आणि माझी पीएचडी

माझ्या बापानं माझ्याच पीएचडीच्या प्रश्नावलीत धडधडीत खोटी उत्तरं दिली होती.

आणि त्या खोट्याच्या जिवावर मी आज डॉक्टर झाले, मंडळी.

सकाळी व्हायवा झाला. पास. लिहायचंय आजच, कारण आज आप्पांना जाऊन वर्ष झालं.

माझा विषय असा, की माणसाचा जीव स्वतःच्या दिसण्यात किती गुंतलाय ते मोजणारी प्रश्नावली, म्हणजे स्केल, बनवायची.
कोण कसा दिसतो ते नाही. जीव किती अडकलाय, ते.

बायकांची उत्तरं मस्त यायची. पुरुषांपाशी गाडं अडलं.
सिल्लोड घ्या, वेरूळ घ्या, सगळे गडी एकाच ठिकाणी खूण करायचे. 'अजिबात नाही.'

गाईड मॅडम म्हणाल्या, "तुझी स्केल पुरुषांवर चालत नाहीये. विषय बदलावा लागेल."

सगळी मेहनत पाण्यात. रडकुंडीला येऊन लासूर स्टेशनला घरी गेले. आप्पा शाळेत पीटीचे सर, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. म्हटलं, तुम्ही तरी नीट उत्तरं द्या.

"आरशात सारखं बघता का?"
"नाय."
"आपण कसे दिसतो याची काळजी वाटते?"
"गड्यामाणसाला कशाची आलीय काळजी? पुढचं इचार."

दुसऱ्या दिवशी चुलतभावाचं लग्न.
आप्पांनी फेटा बांधून घेतला. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघितलं. सोडायला लावला.
परत बांधला. "तुरा पडल्यावानी दिसतोय." परत सोडला.

तिकडं नवरदेव घोड्यावर बसलेला, परण्याची मिरवणूक खोळंबलेली, आई दातओठ खातेय.

मी म्हटलं, "आप्पा, काल काय म्हणाला होतात?"
"ते दिसण्याचं होतं. हा इज्जतीचा सवाल हाय."

माझी ट्यूब पेटली ती तिथं. मी परण्यात अशी नाचले, अशी नाचले, की आत्याला वाटलं पोरीला लग्नाची घाई झालीय.

अहो, मी लोकांना मनातलं विचारत बसले होते. मनातलं कोण सांगतंय? करता काय, ते विचारायचं.

फेटा मनासारखा बसला नाही तर परत बांधून घेता का?
फोटो काढताना पोट आत घेता का?

त्याच गड्यांनी हसत हसत 'नेहमी'वर खुणा केल्या. स्केल चालली. लई भारी चालली.

मग आप्पा आजारी पडले.
दवाखान्यात सकाळी उठल्या उठल्या कंगवा मागायचे. डॉक्टर राऊंडला यायच्या आत मिशी नीट पाहिजे. हात उचलेना तेव्हा मी विंचरून द्यायचे, आणि ते मला चुका सांगायचे.

आज व्हायवात बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "पण हे मोजून मिळतं काय? शेवटी नट्टापट्टाच ना?"

मी म्हटलं, "सर, माझ्या वडिलांचे रिपोर्ट सुधारत होते. डॉक्टर खूश होते. एका सकाळी मी कंगवा पुढं केला, तर म्हणाले, 'ऱ्हाऊ दे.'
मी बाहेर येऊन पुण्याला भावाला फोन केला, आत्ता निघ म्हणून. सगळे मला वेड्यात काढत होते.
तो संध्याकाळी पोचला. दोघांची भेट झाली. पहाटे वडील गेले."

सरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

आप्पा, तुमची लेक डॉक्टर झाली.
लई आठवण येते. नमस्कार करते.