खारपाणातला स्रोत

सलीम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या जुन्या कॉलेजच्या सभागृहात एका लग्नाला बसले होते. अकोल्याहून त्यांची मुलगी बोलत होती आणि इकडे बँड वाजत होता. ‘मावशी, अब्बा गेले,’ ती म्हणाली. मला ऐकूच आलं नाही. मी ‘काय?’ म्हटलं आणि त्या पोरीला ते पुन्हा म्हणावं लागलं. याचा राग मला अजून येतो. नेमका कुणाचा, ते कळत नाही.

अमरावतीच्या या सरकारी कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवायचे, मी मराठी. ते रोज अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरत आणि तिथून ऑटोनं येत. गाव त्यांचं खारपाणपट्ट्यातलं, जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि पिकाला दिलं तर जमीनही बिघडते. म्हणूनच असेल, पण त्यांच्या प्रयोगशाळेत शेतकऱ्यांची माती आणि पाणी फुकट तपासून मिळे. विद्यार्थ्यांचा अभ्यास व्हायचा आणि पेरणीआधी माणसाला आपल्या रानाचं काय करायचं ते कळायचं. लोक दुपट्ट्यात माती बांधून आणत. सर ती व्हरांड्यात वर्तमानपत्रावर पसरत, शेजारी नावाची चिठ्ठी खड्याखाली ठेवत. मी एकदा ऊन दाखवलं तर म्हणाले, ‘नाई ताई, माती सावलीतच वाळली पाह्यजे. तिले घाई चालत नाई.’ त्या वर्षांत वऱ्हाडचं नाव रोज पेपरात कशासाठी यायचं, ते सांगायला नको. आम्ही पहिलं पान उलटून मगच त्यावर माती पसरायचो.

मग वरून पत्र आलं. अनुदान वाढणार नाही, महाविद्यालयानं उत्पन्नाचे स्वतःचे स्रोत निर्माण करावेत. प्रयोगशाळेची रसायनं त्याच महिन्यापासून बंद झाली. स्रोत शोधायला समिती नेमली, तीत सर आणि मी. सरांनी पत्र वाचलं आणि हसले. ‘ताई, तुमी मराठीच्या. स्रोत म्हंजे झराच ना? आमच्या पट्ट्यात नवा झरा लागला का लोक पेढे वाटत नाईत. पहिले चाखून पाह्यतात.’

चाखून पाहायला आम्हाला वेळ कुठं होता... माजी विद्यार्थ्यांना मदत मागितली. एकानं उलट सरांनाच विचारलं, कुठं नोकरी असेल तर सांगा. संध्याकाळचे फीवाले वर्ग काढले, त्यांत आमचीच गरीब पोरं बसू शकली नाहीत. उरलं सभागृह. ते लग्नांना भाड्यानं द्यायचं सरांनीच सुचवलं, अट एकच: त्यातून रसायनं यायची. आणि आली. प्रयोगशाळा पुन्हा चालू झाली. परीक्षेच्या दिवशी नवरदेवाच्या बँडवाल्याला हात जोडणारा प्राध्यापक मी तेव्हा पाहिला, आणि त्याची भरपूर थट्टाही केली.

एका उन्हाळ्याच्या शेवटी भातकुलीकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांची माती व्हरांड्यात वाळत होती. सभागृहात मोठं लग्न होतं. पंगत व्हरांड्यातही बसवायची म्हणून मांडववाल्यांनी जागा झाडून घेतली. त्यांचं काय चुकलं? त्यांना तो कचराच दिसला. आम्ही पोचलो तेव्हा फरशी धुऊन झाली होती, आणि चिठ्ठ्या तेवढ्या झाडणाऱ्या एका पोरीनं कागद कामाचे असतील म्हणून उचलून ठेवल्या होत्या. सरांनी त्या मोजून खिशात ठेवल्या.

पुन्हा माती मागायला ते गावोगाव गेले, मीही सोबत गेले. एका बाईनं चहा दिला आणि म्हणाली, ‘सर, पेरून झालं आता. आता माती पाहून काय करता?’ सरांनी चहा संपवला. 

पुढं खताची एक कंपनी प्रयोगशाळा चालवायला तयार झाली, पण अहवालात खालती त्यांचंच खत सुचवायचं होतं. सर नाही म्हणाले. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. आता त्या खोलीवर ‘वधूकक्ष’ अशी पाटी आहे.

शेवटचं भेटले ते अकोल्याच्या घरी, पलंगावर. म्हणाले, ‘ताई, चुकलं कुठी आपलं? हॉल नसता देला तं लॅब तवाच बंद होत होती. अन् देला तं...’   मी त्यांच्या पांघरुणाच्या घड्या नीट करत बसले.

परवा दारात एक शेतकरी आला. कॉलेजच्या चौकीदारानं माझ्या घरी पाठवलेला. हातात प्लास्टिकची पिशवी. ‘सलीम सर कुठी बसतात आता?’ मला सांगवेना. म्हटलं, ठेवून जा. त्यानं नाव लिहिलेली चिठ्ठी दिली आणि विश्वासानं निघून गेला. मी मराठीची बाई, मला त्या मातीतलं काय कळणार? विचारायचं तरी कुणाला? तरी व्हरांड्यात सावली बघून वर्तमानपत्र अंथरलं, माती पसरली, चिठ्ठी खड्याखाली ठेवली. आता ती वाळली आहे.

सकाळी कामवाली झाडू घेऊन आली. ‘बाई, हे भरून टाकू का?’

‘नको,’ म्हटलं. ‘तेवढी जागा सोड.’