अमेरिकेच्या फौजेतला भाचा आणि कायझर्सलाउटर्नची फेरी

घरात घट बसलेले असताना मी दिवसभराच्या प्रवासाला निघेन, असं कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पण न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा, विलासचा, फोन आला. "ताई, सुजयला इराकला पाठवतायत. सध्या तुझ्याच जर्मनीत आहे, कायझर्सलाउटर्नला. भेटून ये. जाण्याआधी बापाला एक फोन कर म्हणावं. आणि मी सांगितलं म्हणू नकोस."

सुजय त्याचा मुलगा. कॉलेज सोडून अमेरिकेच्या फौजेत गेला, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. बारशाला त्याच्या कानात नाव मी सांगितलेलं, आत्याचा मान तो. पुढे भेटी अशा मोजक्याच झाल्या.

"नंदादीप मी बघतो," हे म्हणाले. "तेल घालायला काय इंजिनिअर लागतो?"

"लागत नाही ना, म्हणून तर काळजी," मी म्हटलं आणि सईला, आमच्या चौदा वर्षांच्या लेकीला, घेऊन पहाटेच न्युरेम्बर्गचं स्टेशन गाठलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते, शनिवार-रविवारचं स्वस्त तिकीट घ्यावं. पाच जणांना मिळून एकच असतं. फक्त जलद गाड्यांना चालत नाही, म्हणून आम्ही स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, नॉयस्टाट अशा गाड्या बदलत गेलो. पाणी घरून न्यावं आणि स्टेशनवरच्या टॉयलेटसाठी सुटी नाणी जवळ ठेवावीत.

कार्ल्सरूहच्या पुढे समोर एक आजोबा पेपर वाचत होते. पहिल्या पानावर अमेरिकेच्या निवडणुकीतला तो काळा उमेदवार. उन्हाळ्यात बर्लिनला येऊन भाषण करून गेला, तेव्हापासून इथली माणसं आपलाच कुणी उभा असल्यासारखी बोलतात. आजोबांनी सईला विचारलं, तुझी आई कुणाला मत देईल? सई जर्मनमध्ये काहीतरी बोलली आणि दोघंही हसली.

"काय सांगितलंस ग?"

"आई आधी देवीला विचारेल म्हटलं."

मला हसू आलं नाही. त्या उमेदवारानं कोटाला झेंड्याचा बिल्ला लावला नाही म्हणून तिकडे केवढा गदारोळ झाला होता! तो मुसलमान आहे, अशीही आवई उठली. नाही म्हणून खुलासे झाले. असता तरी काय बिघडलं असतं, हे विचारणारे थोडेच. बिल्ल्यावरून भांडणारे आपापल्या घरी झोपतात आणि झेंडा बाहीवर शिवून वाळवंटात जातात ती दुसऱ्यांची पोरं.

नॉयस्टाटला द्राक्षांचे मळे संपले आणि नुसतं जंगल लागलं. बोगद्यामागून बोगदा. मग कायझर्सलाउटर्न.

प्लॅटफॉर्मवर सुजय ड्यूटीवरून थेट आलेला. केवढा उंच! आणि वर्दीच्या छातीवर इंग्रजीत आमचं आडनाव, पिसाळ. लग्नानंतर माझ्या नावापुढून गेलेलं ते आडनाव मी फौजी कापडावर वाचत उभी राहिले. वाईकडे आमच्या गावात घरटी एक फौजी. वर्दीचं नवल नव्हतं. देश वेगळा होता, एवढंच.

"आत्या, फास्ट आहे ना? पोटॅटो चालतं?" माझा नवरात्राचा उपास त्याच्या लक्षात होता. गावात अमेरिकन फौजी इतके, की तो आम्हाला घेऊन गेला त्या हॉटेलचं मेनूकार्डही इंग्रजीत. त्यानं काउंटरवरच्या मुलीला तेलाबद्दल खोदून खोदून विचारलं. चिकन तळलेलंच तेल होतं. मग तो समोरच्या दुकानात गेला आणि केळ्यांचा अख्खा घड घेऊन आला.

"एवढी कोण खाणार?"

"ट्रेनमध्ये. लाँग वे आहे."

सईनं त्याला विचारलं, मत कुणाला? "जो सोल्जर होता त्याला," तो म्हणाला. "डॅडनं दुसऱ्याचा बोर्ड लावलाय अंगणात. तो म्हणतो वॉर चुकीचं. मग मी पण चुकीचा?"

"मलाही ती लढाई पटत नाही, बाळा. जी हत्यारं शोधायला गेले ती सापडलीच नाहीत."

"आय नो, आत्या. पण माझे लोक तिथे आहेत."

 मी म्हटलं, "तुझा बाप दोनदा साताऱ्याला फौजेच्या भरतीत उभा राहिला होता. दोन्ही वेळा छाती कमी भरली. घरी येऊन जेवला नाही."

"डॅड? आर्मी?" तो मोठ्यानं हसला. मग हसू थांबलं. "मला कधी नाही बोलला."

"तू विचारलंस कधी? निघायच्या आधी विचार. एवढंच मागते."

 गाडीची वेळ झाली. मी देवीचं कुंकू नेलं होतं. त्यानं टोपी काढून कपाळ पुढं केलं आणि पुन्हा टोपी घातली, तेव्हा कुंकू आत झाकलं गेलं.

घरी परतले तर नंदादीप तेवत होता, पण तेल सांडून पाट माखला होता. यांना मी एका शब्दानं बोलले नाही. तिकिटाचा खर्च वहीत मांडला. केळी त्यात धरली नाहीत.

निवडणुकीचा निकाल आला त्या सकाळी विलासचा फोन. त्याचा माणूस निवडून आला होता.

"सुजयचा फोन?" मी मध्येच विचारलं.

"आलेला ग, निघायच्या आदल्या दिवशी. भरतीचं विचारत होता. तासभर बोललो."

"आणि लढाईचं?"

"ते राहिलंच, ताई."

टीव्हीवर नव्या अध्यक्षांचं भाषण जर्मन भाषांतरासह पुन्हा दाखवत होते. कणीक भिजवायची ठेवून मी बसले आणि सईला म्हटलं, सगळं नको, पोरांना घरी कधी आणणार तेवढं आलं की सांग. ती शेवटपर्यंत ऐकत होती. भाषण संपलं, लोक रडत होते, टाळ्या थांबत नव्हत्या.

"फार छान बोलले, आई," सई म्हणाली.

"आणि पोरांना घरी आणायचं?"

तिनं माझा हात धरला. मी उठून कणीक भिजवायला घेतली.