पीहूच्या वहीतले माझे दोन खोटे ‘नाही’

उशिरा लिहून राहिलो, माफ करा.

वनिता सिस्टर जाऊन आज चौदा दिवस झाले. मी तिच्याशी खोटं बोललो होतो, आणि ती शेवटपर्यंत माझं कौतुक करत राहिली.

दोन वर्षांपूर्वी ती आमच्या पांढुर्ण्याच्या घरी यायची. लहान मुलांसाठी फ्लूची एक लस तपासणं सुरू होतं. सुई नाही, नाकात फवारा.

माझी नात पीहू तेव्हा चार वर्षांची. सून तयार नव्हती. मीच मागे लागलो, कारण दर हिवाळ्यात पोरगी सर्दीने बेजार व्हायची. शेवटी सुनेने सही केली.

कोणाला लस, कोणाला नुसतं मिठाचं पाणी, हे सिस्टरलाही माहीत नसायचं.

फवाऱ्यानंतर दहा दिवस एक वही भरायची. ताप, खोकला, धाप. हो की नाही. मी चौथी शिकलेला, पण अक्षर चांगलं, म्हणून वही माझ्याकडे.

"आबाजी, शिंकली तरी लिहा," सिस्टर म्हणाली. "हे पोरीची परीक्षा नाही, औषधाची हाय. नापास झालं तं औषध होईन. तुमी कायले घामाघूम होऊन राहिले?"

तिसऱ्या दिवशी दुपारी पीहूच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सून शाळेत शिकवायला गेली होती. मी वाफ दिली, पाठ चोळली, जामसांवलीच्या मारुतीला नवस बोललो.

सिस्टरचा नंबर वहीवरच होता. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

सुनेला कळलं तर? म्हणेल, तुमच्या हट्टापायी झालं.

सून येईपर्यंत तो आवाज थांबला. चौथ्या दुपारी पुन्हा थोडा आला, मग गेला.

दोन्ही दिवशी ‘धाप’समोर मी लिहिलं, नाही. वळणदार अक्षरात.

दहा दिवसांनी सिस्टरने वही पाहिली. "खरंच काहीच नाही?"

"काहीच नाही."

"वा आबाजी! एक डाग नाही. बाकीच्या वह्यांवर तं भाजीचा रस्सा असते. आता साऱ्या बायांले तुमचीच वही दाखवीन."

काल सावरगावला तिच्या तेरवीला गेलो. तिच्या नवऱ्याने नाव विचारलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"तुमीच का ते वहीवाले आबाजी? लय नाव घे ती तुमचं."

पान तसंच ठेवून मी उठलो.

घरी येऊन सुनेला सगळं सांगितलं.

"मामाजी, तुमी मले भेले? आन् पोरीचा दम अडकला असता तं?"



"आता पहिले त्या लसवाल्याहिले कळवा," सून म्हणाली आणि आत गेली.

माझ्याकडे फक्त सिस्टरचा नंबर. तोच लावला. बंद.

पीहू बरी आहे. पळते, भांडते. ती शिट्टी फवाऱ्याची होती की साध्या सर्दीची, मला माहीत नाही. तेच तर त्यांना शोधायचं होतं. उद्या तोच फवारा दुसऱ्या कोणाच्या लेकराच्या नाकात जाईल, माझ्या ‘नाही’च्या भरवशावर.

वनिता सिस्टर, तुझी परीक्षा मी बिघडवली. हात जोडतो. सुखाने जा, बाई.

तिच्यासोबत काम केलेलं कोणी ही पोस्ट वाचत असेल तर लवकर कळवा. ती वही कुठे आहे, एवढंच सांगा. दोन जागी ‘नाही’ खोडून ‘हो’ लिहायचं आहे.

मी घरीच आहे. फोन जवळच ठेवला आहे.